भाचीची शिष्यवृत्ती आणि दाजींचे उत्पन्न

राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करताना कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो, आणि भाचीच्या अर्जात आमची सर्वाधिक चर्चा याच कागदावर झाली. माझी बहीण नोकरी करते, त्यामुळे तिच्या पगाराला फॉर्म 16 (नोकरीच्या ठिकाणाहून मिळणारे पगार आणि करकपातीचे प्रमाणपत्र) पुरेसा आहे. दाजींची मात्र करवीर तालुक्यात उसाची शेती असल्याने सातबारा उतारा आणि तलाठ्यांचा अहवाल जोडावा लागला. घरातले आकडे बाहेर कशाला सांगायचे, असे दाजींचे म्हणणे होते (उसाचे बिल किती आले, हे गल्लीला आधीच ठाऊक असते, ही गोष्ट वेगळी). माझ्या मते दोघांचेही उत्पन्न प्रामाणिकपणे दाखवावे आणि दाखला प्रवेशाची गर्दी सुरू होण्यापूर्वीच काढून ठेवावा.