दहा नंबरच्या मागचा माणूस

२५ नोव्हेंबर २०२०. रात्रीचे दहा वाजत आले होते. डाक आवृत्ती सुटली होती, शहर आवृत्तीचं खेळाचं पानही जवळजवळ लागलं होतं. मास्क हनुवटीवर ओढून मी डबा उघडला आणि एजन्सीचा फ्लॅश आला: अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू मॅराडोना गेला. डबा बंद.

कोविडमुळे डेस्कवर आम्ही मोजून तिघं. मुख्य बातमी साहेबांनी घेतली, कारकीर्द दुसऱ्याने. माझ्या वाट्याला दीडशे शब्दांची चौकट. "काहीतरी वेगळं दे. हाताने मारलेला तो 'देवाचा हात' गोल नको, तो वर येतोय."

वेगळं म्हटल्यावर मला एकच नाव आठवलं. लुईस रेयना.

"हा कोण?"

"पेरूचा. मधल्या फळीत खेळायचा."

"आज पेरू कोण खाणार बाबा?" साहेब म्हणाले, पण नाही म्हणाले नाहीत. मी लिहायला घेतलं.

२३ जून १९८५, लिमा. वर्ल्ड कपची पात्रता फेरी, समोर अर्जेंटिना. पेरूचे प्रशिक्षक रोबेर्तो चाले यांनी रेयनाला एकच काम दिलं होतं: चेंडू कुठेही असो, मॅराडोनाला सोडायचं नाही. त्याने ते इतकं मनावर घेतलं की मॅराडोना उपचारासाठी मैदानाबाहेर गेला, तेव्हाही हा रेषेजवळ त्याची वाट बघत उभा राहिला, असं सांगतात. आठव्या मिनिटाला ओब्लितासने गोल केला आणि पेरू १-० ने जिंकला.

आमचा पान लावणारा ऑपरेटर कोल्हापूरचा, एकेकाळी पेठेच्या संघातून बॅक खेळलेला. त्याच्याच मशीनवर आम्ही जुनी क्लिप लावली. चित्र पावसात भिजल्यासारखं. पेरूच्या शर्टावर जानव्यासारखा तिरका लाल पट्टा आणि तो पट्टा सतत दहा नंबरच्या, म्हणजे मॅराडोनाच्या, पाठीला चिकटलेला. चेंडू यायच्या आधीच रेयनाचा हात मॅराडोनाच्या कमरेला. मॅराडोना वळला की मागून पाय. पडला, उठला, की पुन्हा हात कमरेला.

"ह्येला भाईर कसा काढला न्हाई रं रेफरीनं?" ऑपरेटर म्हणाला. आणि पुढच्याच टॅकलला खुर्चीतल्या खुर्चीत त्याचा उजवा पाय हलला.

रेयनाला मी हुतात्मा करणार नव्हतो. त्यातल्या काही लाथा सरळ सरळ लाथाच होत्या. पण दांडगाई एकट्या त्याची नव्हती. आठवड्यानं, ३० जूनला, ब्युनोस आयर्सच्या परतीच्या सामन्यात सुरुवातीलाच अर्जेंटिनाच्या कामिनोने पेरूच्या फ्रांको नवारोचा पाय मोडला आणि त्याला लाल कार्डही मिळालं नाही. त्या सामन्यातही रेयना मॅराडोनाच्या मागावर होता. वेलास्केस आणि बार्बादियोच्या गोलांनी पेरू २-१ असा पुढेही गेला होता. ८१व्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या रिकार्दो गारेकाने गोलरेषेवर पाय घालून बरोबरी केली आणि अर्जेंटिना मेक्सिकोच्या वर्ल्ड कपला गेली. पेरू पुढे चिलीकडून हरून बाहेर पडला.

हाच गारेका पेरूचा प्रशिक्षक झाला आणि १९८२ नंतर ३६ वर्षांनी, २०१८ साली, त्यानेच त्यांना वर्ल्ड कपला नेलं. त्यात, त्या गोलाने ज्या वर्ल्ड कपची वाट उघडली, त्या १९८६च्या संघात गारेकाला स्वतःला जागा मिळाली नव्हती. हे वाक्य मला काही केल्या काढवेना.

आणि हेही: लिमाच्या त्या सामन्याला वर्ष पूर्ण व्हायला एक दिवस बाकी असताना, २२ जून १९८६ ला, मॅराडोनाने इंग्लंडचे खेळाडू एकामागून एक मागे टाकत तो गोल केला. त्या दिवशी त्याच्या कमरेला कोणाचा हात नव्हता.

शब्द मोजले. दोनशे ऐंशी.

"दीडशे म्हणालो होतो," साहेब म्हणाले. मी गारेका काढला. नवारो काढला. बार्बादियो गेला. एकशे नव्वदवर अडकलो. तेवढ्यात खालून निरोप आला की पानावर एक जाहिरात वाढली आहे. चौकट पडली. साहेबांनी पाठीवर थाप मारली, "उद्या फॉलोअपला घेऊ." उद्या म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

राहिला फोटो. एजन्सीच्या ढिगातून मी लिमाचाच शोधून काढला होता. चार कॉलमांच्या जागी आता तीनच उरले होते. ऑपरेटरने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने डावीकडून फोटो कापत आणला. लाल पट्टा गेला, खांदा गेला, चेहरा गेला. मॅराडोनाच्या कमरेपाशी चार बोटं उरली. ती काढायची तर कोपर कापावं लागलं असतं.

"राहू दे," मी म्हणालो.

पान सोडायला सहा मिनिटं होती. फोटोओळ साहेबांनी उभ्या उभ्या सांगितली, टाइप मी केली: 'प्रतिस्पर्ध्यांना लीलया चकवताना मॅराडोना.'