घटता नायट्रोजन आणि तपकिरी ड्रिल

जुलैमधली दुपारची पाळी. आम्ही निर्वात चेंबरमध्ये एचएसएस (हाय-स्पीड स्टील) ड्रिलवर टायटॅनियम नायट्राइडचा थर चढवतो. त्या दिवशीची तिसरी बॅच चेंबरमधून बाहेर आली ती तपकिरी, कडांना जांभळट झाक असलेली. टायटॅनियम नायट्राइड सोनेरीच दिसायला हवं. फिकट पिवळं आलं तर नायट्रोजन कमी पडलेला असतो, लालसर आलं तर जास्त झालेला. असा मळका तपकिरी दिसला की आधी ऑक्सिजन शोधायचा.

पावसाळ्यात पहिला संशय दमट हवेवर. दार उघडं असताना भिंतींवरचा जुना, सच्छिद्र थर ओलावा शोषतो. म्हणून चेंबर कोरड्या नायट्रोजनने भरूनच उघडतो आणि तेवढा वेळ भिंतींच्या नळ्यांतून ४५ अंशांचं पाणी फिरवतो. त्या दिवशीही हे केलं होतं. ०.०००००५ मिलिबारची निर्वात पातळी नेहमीच्या वेळात मिळाली होती. हीलियम लीक डिटेक्टरही (बाहेरून फवारलेला हीलियम आत शिरतो का ते बघणारा) शांत.

उत्तर नोंदींमध्ये होतं. आमचा कंट्रोलर स्पेक्ट्रोमीटरमधून प्लाझ्मातल्या (विजेने चमकणाऱ्या वायूतल्या) टायटॅनियमच्या प्रकाशाची, ५०० नॅनोमीटरजवळची रेषा बघतो आणि तिची तीव्रता ठरलेल्या पातळीवर राहावी म्हणून नायट्रोजन कमी-जास्त करतो. तीव्रतेचा आलेख अगदी सपाट होता, पण नायट्रोजन ४० मिनिटांत ६० वरून ५२ एससीसीएमवर (प्रमाणित दाब-तापमानाला मिनिटाला इतके घन सेंटिमीटर वायू) उतरला होता. म्हणजे टार्गेटवर (ज्या टायटॅनियमच्या पाटीतून धातू उडतो तिच्यावर) दुसरा कुठला तरी वायू बसत होता आणि रेषा पडू नये म्हणून कंट्रोलर इमाने इतबारे नायट्रोजन कापत होता. कंट्रोलर असा दोष झाकून टाकतो, हे नव्या ऑपरेटरला सांगावंच लागतं. दाबमापकावरही काही दिसलं नाही, कारण ०.००४ मिलिबारच्या कामाच्या दाबात हा वायू एक टक्काही भरत नव्हता.

चेंबर रिकामा केला, हीटर बंद, नायट्रोजन बंद, फक्त आर्गॉन. त्याच स्पेक्ट्रोमीटरवर हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची रेषा लावली, कारण पाण्याची वाफ प्लाझ्मात फुटली की हायड्रोजन दिसतो. पहिल्या कॅथोडला (टार्गेट धरून त्याला वीज देणाऱ्या भागाला) २ किलोवॅट दिले तर रेषा नावापुरती. ६ किलोवॅटवर पाचेक मिनिटांत ती चढली आणि तिथेच टिकली. भिंतींमधला ओलावा असता तर हळूहळू ओसरली असती. वीज कमी केली की रेषा खाली, वाढवली की पुन्हा वर. दुसऱ्या कॅथोडवर त्याच ६ किलोवॅटला काहीच नाही. मग शंका उरली नाही: पहिल्या कॅथोडचं थंड करणारं पाणी आत येत होतं, आणि तेही फक्त गरम झाल्यावर. हीलियम तिथे पोचणारच नव्हता, त्या सीलच्या बाहेरच्या बाजूला हवा नसून पाणी असतं.

गळती किती? अंदाजे ४ एससीसीएम वाफ, म्हणजे मिनिटाला ३ मिलिग्रॅम पाणी. एक थेंब पंधरा-सोळा मिनिटं पुरावा इतकंच, आणि तेवढ्याने सगळी बॅच गेली.

कॅथोड उघडला. व्हिटॉन रबराची ओ-रिंग (पाणी अडवणारी सीलची कडी) चपटी आणि कडक झालेली, टार्गेटमागची बॅकिंग प्लेट ०.४ मिलिमीटर वाकलेली. मूळ कारण मात्र पाण्याच्या गाळणीत होतं. क्षाराने ती बुजत जाऊन प्रवाह मिनिटाला १२ लिटरवरून ७ वर आला होता. ६ किलोवॅटची सगळी उष्णता पाण्यात गेली असं धरलं, तर पाण्याचं तापमान ७ ऐवजी १२ अंशांनी वाढतं. प्रवाह कमी झाला की वीज तोडणारा फ्लो स्विच ५ लिटरवर लावलेला, त्यामुळे तो ट्रिप झालाच नाही. ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते.

प्लेट लॅप करून (घासून सपाट करून) घेतली, खाच पुसून नवी ओ-रिंग बसवली, बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी तीन फेऱ्यांत आवळले. गाळणी साफ केली, फ्लो स्विच १० लिटरवर आणला. रिकाम्या फेरीत ६ किलोवॅटवर हायड्रोजनची रेषा अर्धा तास हलली नाही. त्यानंतरच्या बॅचला नायट्रोजन शेवटपर्यंत ६० च्या आसपास राहिला आणि ड्रिल सोनेरी निघाले. आता नायट्रोजन बॅचच्या सुरुवातीपेक्षा ३ एससीसीएमने घसरला की अलार्म वाजतो.