१०५ जणांची रोजकीर्द : बकाइज रोस्टर-तक्ता, जुलै २०२५

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, म्हणजे बकाइजचा, रोस्टर (खेळाडूंची यादी) मी एका तक्त्यात ठेवतो. एप्रिलच्या नोंदीत मी जरा जास्तच थाटात लिहिले होते की ड्राफ्टमध्ये (एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत) गेलेल्या १४ जणांच्या ओळी खोडून झाल्या आहेत, पोर्टलची (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीची) वसंतातली खिडकी २५ तारखेला बंद झाली आहे आणि आता ऑगस्टपर्यंत तक्त्याला हात लावावा लागणार नाही. ते विधान मी सपशेल मागे घेतो. ६ जून रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी कॉलेज-खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाउस खटल्यातील तडजोडीला अंतिम मान्यता दिली, फुटबॉलची ८५ शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा जाऊन तिच्या जागी १०५ खेळाडूंची रोस्टर-मर्यादा आली, आणि त्या दिवसापासून माझ्या तक्त्याची बेरीज जुळलेली नाही. ती सतत १०५ च्या वरच जात राहिली. रोज रात्री एखादी चूक सापडायची, आकडा एक-दोनने खाली यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर चढायचा.

पहिला संशय अर्थातच वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्तीविना संघात असलेल्या, खेळाडूंवर गेला. ८५ च्या काळात आपण त्यांची फिकीर करत नव्हतो, कारण हिशेब शिष्यवृत्तीचा होता, माणसांचा नव्हता. माझ्याकडे तर त्यांचे स्वतंत्र पान होते आणि ते मी वर्षातून एकदा उघडत असे. आता प्रत्येक डोके मोजायचे म्हटल्यावर दोन्ही पाने एकत्र केली, आणि तिथेच पहिला घोटाळा झाला. मी खेळाडूची ओळख जर्सी-क्रमांक आणि आडनावाचे पहिले अक्षर यांवरून ठरवत होतो. कॉलेज फुटबॉलमध्ये एकच क्रमांक दोघांना देता येतो, सहसा एक आक्रमणात आणि एक बचावात, फक्त दोघे एकाच वेळी मैदानात उतरू शकत नाहीत. त्यामुळे काही खेळाडू एकमेकांत विरघळले होते, तर काहींच्या दोन-दोन ओळी झाल्या होत्या. लोरेन्झो आणि सनी या स्टाइल्स बंधूंना तर मी क्रमांक बाजूला ठेवून केवळ आडनावाने शोधले होते, म्हणून धाकट्याच्या ओळीत थोरल्याची नोत्र दाम विद्यापीठातील वर्षे येऊन बसली होती. आता प्रत्येकाला मी माझाच एक क्रमांक दिला आहे, जो जर्सी बदलली तरी बदलणार नाही. हा शहाणपणा पहिल्या दिवशी सुचायला हवा होता, हे मान्य आहे.

तरीही बेरीज जुळेना. मग तडजोडीचा मजकूर पुन्हा वाचला, आणि घोटाळा माझ्या सूत्रात नसून माझ्या समजुतीत आहे हे लक्षात आले. रोस्टर-मर्यादेमुळे ज्यांना २०२४-२५ मध्ये संघातून काढले गेले किंवा काढले जाणार होते, त्यांच्यासाठी तडजोडीत अपवाद ठेवलेला आहे. विद्यापीठाने अशा खेळाडूंची नावे कळवायची असतात, आणि मग त्यांची पात्रता संपेपर्यंत ते १०५ मध्ये मोजले जात नाहीत. हा अपवाद ते दुसऱ्या विद्यापीठात गेले तरी त्यांच्याबरोबर जातो. विद्यापीठाने अशा खेळाडूला परत घेतलेच पाहिजे असे बंधन मात्र नाही. याचा अर्थ १०५ ही भिंत नव्हे. सूट मिळालेली माणसे तिच्या पलीकडे उभी असतात, आणि ती कोण आहेत हे आपल्यासारख्यांना बाहेरून दिसत नाही. मी सहा आठवडे ज्या आकड्याशी झगडत होतो, तो बाहेरून नेमका काढता येणारा आकडाच नव्हता. त्यामुळे आता ‘मोजलेले’, ‘बहुधा सूट असलेले’ आणि ‘सांगता येत नाही’ असे तीन स्तंभ केले आहेत. तिसरा स्तंभ मला मुळीच आवडत नाही, पण खोट्या नेमकेपणापेक्षा तो बरा.

या सगळ्या खटाटोपात खरा लाभ मात्र वेगळ्याच ठिकाणी झाला. तक्त्यातला सर्वांत कटकटीचा स्तंभ ‘इयत्ता’ हा होता: फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनियर, सीनियर (पहिले ते चौथे वर्ष) आणि त्यांच्या मागे-पुढे लागणारी रेडशर्टची (हंगाम खर्ची न पडता संघात काढलेल्या वर्षाची) शेपटी. दर जानेवारीत सर्वांना एकेक इयत्ता वर ढकलायची आणि मग अपवाद हाताने दुरुस्त करत बसायचे, ही माझी पद्धत होती. एका वाचकांनी, जे निवृत्त लेखापाल आहेत, मागच्या नोंदीवर एवढेच कळवले की तुम्ही फक्त खतावणी ठेवता आहात आणि रोजकीर्द ठेवतच नाही, मग शिल्लक जुळणार कशी? मी तो अभिप्राय वाचून हसलो आणि आठवडाभराने गंभीर झालो. आमच्या घरच्या दुकानातही रोजच्या नोंदी आधी रोजकीर्दीत जात आणि त्यांवरून खतावणी भरली जात असे. शिल्लक हाताने कोणी लिहीत नसे. इथे मी नेमके तेच करत होतो, शिल्लक हाताने लिहीत होतो.

म्हणून इयत्तेचा स्तंभ पूर्णपणे काढून टाकला. आता एक खेळाडू आणि एक हंगाम मिळून एक नोंद होते: कोणत्या विद्यापीठात होता, किती सामन्यांत उतरला आणि तो हंगाम मोजला जातो की नाही. चार किंवा त्याहून कमी सामने असतील तर रेडशर्टचा पर्याय खुला, २०२० चा हंगाम साथीमुळे कोणाच्याच खात्यात नाही, आणि वैद्यकीय सवलत असल्यास तसा शेरा. पाच वर्षांचे घड्याळ आणि चार हंगामांची शिल्लक (२०२५ च्या नियमानुसार पाच वर्षांत चार हंगाम) या नोंदींवरून आपोआप निघते.

पडताळणीसाठी मुद्दाम अवघड माणसे निवडली. क्वार्टरबॅक (आक्रमणात चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) विल हॉवर्ड २०२० पासून २०२३ पर्यंत कॅन्सस स्टेटकडून आणि २०२४ मध्ये आपल्याकडून खेळला. जुना तक्ता त्याला पाचव्या हंगामासाठी अपात्र ठरवायचा, नव्या तक्त्याने २०२० ची नोंद आपोआप बाजूला ठेवली आणि हिशेब चार हंगामांवर नेमका संपवला. ज्युलियन सेयिन गेल्या वर्षी आपल्या १६ सामन्यांपैकी मोजक्याच सामन्यांत उतरला, म्हणून तो आज रेडशर्ट फ्रेशमन आहे, हेही हाताने काही न लिहिता आले. तिसरी चाचणी सनी स्टाइल्सची होती आणि तिथे तक्ता पुन्हा आपटला. तो मुळात २०२३ च्या तुकडीतला, पण हायस्कूलचे शेवटचे वर्ष गाळून २०२२ मध्येच दाखल झाला. माझ्या जुन्या भरती-यादीत २०२३ असल्यामुळे तक्ता म्हणत होता की तो २०२६ च्या आधी ड्राफ्टमध्ये जाऊच शकत नाही (हायस्कूल सोडून तीन वर्षे व्हावी लागतात). प्रत्यक्षात तो याच एप्रिलमध्ये जाऊ शकला असता आणि स्वतःहून थांबला. आपले बचाव-प्रशिक्षक मॅट पॅट्रिशिया यांच्या फळीबद्दल अंदाज बांधताना ‘जाता येत नव्हते’ आणि ‘जायचे नव्हते’ यांतला फरक फार मोठा असतो.

साधनांबद्दल दोन शब्द. गूगल शीट्समध्ये एवढी रोजकीर्द आरामात मावते, आणि फोनवरून नोंद करता येते हे सरावाच्या दिवसांत फार उपयोगी पडते. डेटाबेसचा मोह झाला होता, पण शे-दीडशे माणसांसाठी तो म्हणजे मुंगी मारायला हत्ती आणण्यासारखे आहे. स्नॅपच्या आकड्यांसाठी (कोण किती चालींत मैदानात होता) मी वर्गणी भरून जी सेवा घेतो, तिने यंदा तिसऱ्यांदा स्तंभांची नावे बदलली आणि सगळी आयात मोडून पडली. नाव घेत नाही, पण वर्गणी नव्याने भरण्याआधी मी दोनदा विचार करणार आहे. भरतीच्या ताऱ्यांबद्दलचे (हायस्कूलच्या खेळाडूंना मिळणाऱ्या मानांकनाबद्दलचे) माझे मत जुनेच आहे: खेळाडू येताना त्यांचा उपयोग होतो, वर्षभराने त्यांना चिकटून राहणे हा निव्वळ भाबडेपणा आहे. त्यापेक्षा हेल्मेटवरची काळी पट्टी केव्हा निघाली, हा दिनांक मला कितीतरी बोलका वाटतो. माजी प्रशिक्षक अर्बन मायर यांच्या काळापासून नवा खेळाडू ती पट्टी घेऊन वावरतो आणि प्रशिक्षकांना तो पुरेसा पक्का वाटला की ती काढली जाते. रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) जेरेमाया स्मिथची पट्टी २०२४ च्या वसंतातच निघाली होती. पुढे १,३१५ यार्ड आणि १५ टचडाउन कसे झाले ते आपण पाहिलेच.

आता रिसीव्हरच्या रूमकडे, म्हणजे त्यांच्या गटाकडे, वळतो, कारण नव्या तक्त्याची खरी परीक्षा तिथे आहे. मूळ बेत असा होता की प्रत्येकापुढे ‘जाण्याचा दाब’ नावाचा एकच आकडा ठेवायचा. मात्र हा परिच्छेद लिहितानाच लक्षात आले की तो बेत चुकीचा आहे. प्रत्येक खेळाडूची दोन घड्याळे असतात. एक एनएफएलचे, जे हायस्कूल सोडल्यानंतर तीन वर्षांनी उघडते, आणि दुसरे कॉलेजचे, जे पात्रता संपल्यावर बंद होते. या दोहोंमधला पट्टा हाच त्याचा निर्णयाचा काळ. स्मिथ २०२४ च्या तुकडीतला असल्याने त्याचे पहिले घड्याळ २०२७ मध्ये उघडते, म्हणजे पोर्टलचा अपघात वगळता दोन हंगाम तो आपलाच आहे. कार्नेल टेट आणि ब्रँडन इनिस २०२३ चे, दोघांचेही २०२६ मध्ये उघडते. त्यातला टेट तेव्हा जाईल असे मी पेनने लिहून ठेवतो, इनिसबद्दल पेन्सिलने. म्हणजे माइलन ग्रॅहमसारख्या स्मिथच्याच तुकडीतल्या मुलाला या हंगामात चेंडू किती मिळतात, यावर त्याचा पुढचा हिवाळा ठरेल. २०२३ च्या तुकडीतल्या चौघांपैकी नोआ रॉजर्स एका वर्षातच नॉर्थ कॅरोलिना स्टेटला गेला होता, हे विसरून चालणार नाही.

अशा वेळी मला नेहमी २०२२ चा ड्राफ्ट आठवतो. गॅरेट विल्सन दहावा, ख्रिस ओलावे अकरावा आणि जेमसन विल्यम्स बारावा. तिघेही आपले तेव्हाचे रिसीव्हर-प्रशिक्षक ब्रायन हार्टलाइन यांच्या हाताखाली शिकलेले, पण तिसरा वर्षभर आधी आपल्याला सोडून अलाबामाला गेलेला. त्या रूममध्ये चौथा क्रमांक असणे म्हणजे कमी प्रतीचा असणे नव्हे, हे माझ्या जुन्या सूत्राला कधीच कळले नाही. म्हणून ‘दाब’ रद्द. त्याऐवजी प्रत्येकापुढे दोन घड्याळांचा पट्टा आणि त्या पट्ट्यात त्याच्या पुढे उभ्या असलेल्या खेळाडूंची घड्याळे दाखवीन. पुढचा माणूस आधी जाणार असेल तर थांबण्यात अर्थ आहे. तो नंतर जाणार असेल तर नाही.

हीच मांडणी क्वार्टरबॅकवर लावून पाहिली आणि ती अंगावर आली. सेयिन २०२४ चा, लिंकन कीनहोल्झ २०२३ चा, टेव्हियन सेंट क्लेअर यंदाचा. सेयिनने जागा पटकावली तर त्याचे घड्याळ २०२७ पर्यंत उघडतच नाही, म्हणजे कीनहोल्झच्या पुढे निदान दोन हंगामांची भिंत उभी राहते. उलट कीनहोल्झने जागा घेतली तर सेयिनच्या मागे सेंट क्लेअर येऊन उभा राहतो. कोणत्याही बाजूने पाहिले तरी या तिघांतला एक जण हिवाळ्यात पोर्टलमध्ये दिसेल असे तक्ता सांगतो. इतिहासही तक्त्याच्याच बाजूने आहे. ड्वेन हॅस्किन्स मुख्य क्वार्टरबॅक होणार हे दिसल्यावर २०१८ मध्ये जो बरो पदवी घेऊन एलएसयूला (लुइझियाना स्टेट) गेला, जस्टिन फील्ड्स आल्यावर टेट मार्टेल मायामीला गेला, क्विन यूअर्स एका हंगामात टेक्ससला परतला, मिशिगनविरुद्धच्या पराभवानंतर काइल मकॉर्ड सिराक्यूजला गेला आणि गेल्या हिवाळ्यात डेव्हिन ब्राउन व एअर नोलंड गेले. (यूअर्सला त्याचाच जुना रूममेट जॅक सॉयर याने कॉटन बोल सामन्यात पाडून चेंडू ८३ यार्ड पळवत नेला, ती चित्रफीत मी अजून आठवड्यातून एकदा पाहतो.)

माझा अंदाज सेयिनचा आहे. कीनहोल्झचे पाय चांगले आहेत आणि तो तिसऱ्या वर्षात आहे, पण आपल्या रिसीव्हरना चेंडू वेळेवर आणि नेमका मिळणे हे पायांपेक्षा महत्त्वाचे आहे. आक्रमक फळीबद्दल आज फारसे लिहीत नाही. डोनोव्हन जॅक्सन आणि जॉश सिमन्स दोघेही ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले आहेत, राइसहून ईथन ओनियान्वा आणि मिनेसोटाहून फिलिप डॅनियल्स आले आहेत, आणि टॅकलची (फळीच्या टोकाची) जागा कोण घेतो हे शिबिरात कळेल. बचावातल्या केलेब डाउन्सचे घड्याळ २०२६ मध्ये उघडते आणि त्यावर चर्चा करण्यासारखे काही उरत नाही.

पाच वर्षांत पाच हंगाम खेळू द्यावेत अशी चर्चा २०२५ मध्ये नियम करणाऱ्यांत चालू आहे, म्हणून ‘चार’ हा आकडा सूत्रांतून काढून एका स्वतंत्र चौकटीत ठेवला आहे; उद्या नियम बदलला तर एकच आकडा बदलावा लागेल. शिबिर सुरू झाले की काळ्या पट्ट्यांचे दिनांक मी रोज भरत जाईन. ज्यांना सराव पाहायला मिळेल त्यांनी कोणाची पट्टी कोणत्या दिवशी निघाली तेवढे कळवावे, मात्र कृपया जर्सी-क्रमांकाऐवजी पूर्ण नावाने. ३० ऑगस्टला टेक्ससचा संघ आपल्याकडे खेळायला येण्याआधी ‘सांगता येत नाही’ हा स्तंभ निम्म्यावर आणायचा आहे.