शून्य धरताना झालेली चूक

लातूर जिल्ह्यातील एका डिस्टिलरीत मी इन्स्ट्रुमेंट विभागात काम करतो. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरलेला स्पेंटवॉश (सांडपाणी) डायजेस्टर नावाच्या बंद टाकीत कुजतो आणि त्यातून निघणाऱ्या बायोगॅसमध्ये मिथेनबरोबर हायड्रोजन सल्फाइडही असतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होते, म्हणून भिस्त सेन्सरवर ठेवावी लागते.

कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचा आकडा जुळवून घेणे, म्हटले की सगळ्यांचे लक्ष स्पॅनकडे, म्हणजे ठरलेल्या प्रमाणाचा वायू देऊन आकडा जुळवण्याकडे असते. २५ पीपीएमचा सिलिंडर, मिनिटाला अर्धा लिटर प्रवाह देणारा रेग्युलेटर आणि टेफ्लॉनची आखूड नळी (रबराची नळी हा वायू शोषून घेते) जोडायची, आकडा २५ वर स्थिरावला की नोंदवहीत सही करायची. गेल्या मे महिन्यात एका नव्या सहकाऱ्याने हे सारे व्यवस्थित केले, फक्त झीरो, म्हणजे वायू नसतानाचा शून्य आकडा, मात्र डायजेस्टरशेजारच्या हवेतच घेतला. त्या हवेत तेव्हा सुमारे ३ पीपीएम वायू होता आणि सेन्सरने त्यालाच शून्य मानले. त्यानंतर स्पॅन दिल्यामुळे २५ चा आकडा तंतोतंत जुळला, त्यामुळे चूक दिसेना. मात्र १० पीपीएमला वाजायला हवा तो अलार्म आता जवळजवळ १२ ला वाजणार होता. पाळीवरच्या एका कामगाराच्या खिशातील डिटेक्टर ३ दाखवत असताना भिंतीवरचा ० दाखवतो, हे त्यानेच लक्षात आणून दिले. शुद्ध हवा सोडून पाहिली, तेव्हा आकडा उणे ३.४ वर गेला.

कॅलिब्रेशनपूर्वीचा आकडा नोंदवण्याचा आग्रहही मी तेव्हापासून धरतो. आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात सेन्सरमधील इलेक्ट्रोलाइटचे पाणी उडते आणि संवेदनशीलता घटते. २५ च्या वायूला २१ दाखवणारा सेन्सर थेट २५ वर आणून ठेवला, तर तो किती थकला आहे याचा पुरावाच पुसला जातो.

आता झीरोसाठी आम्ही कृत्रिम हवेचा सिलिंडर मागवतो. बाहेर फुकटची हवा असताना हवाच विकत कशाला घेता, असे स्टोअरचे साहेब प्रत्येक मागणीपत्रावर विचारतात आणि मी प्रत्येक वेळी तोच उणे ३.४ चा कागद सोबत जोडतो.