स्पिती फक्त काझापुरती बघू नका

हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात जाऊन आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, की, काझा या तिथल्या मुख्य गावाजवळची हिक्किम, कोमिक ही गावं एका दिवसात होतात का? होतात की. गाडीवाले सकाळी नेतात, संध्याकाळी काझाला परत आणून सोडतात, सगळीकडे फोटो होतात. पण असं बघितलं ना की स्पिती नुसती मातकट दिसते, आणि ती मातकट अजिबात नाहीये!

माझं ऐकाल तर जाताना शिमल्याच्या बाजूने जा. मनालीहून कुंझुम पासवरून रस्ता कमी पडतो खरा, पण तो एकदम साडेचार हजार मीटरवर नेतो आणि अनेकांचं डोकं पहिल्याच रात्री ठणकायला लागतं. शिमला, रामपूर, किन्नौर असं सावकाश चढलं की शरीराला सवय होते आणि रंग कसे पालटतात तेही दिसतं. किन्नौरमध्ये देवदार आणि सफरचंदाच्या बागा, मग खाबला सतलज आणि स्पिती नदीचा संगम लागतो आणि तिथून पुढे झाडं जवळजवळ संपतातच. पावसाळी ढग अलीकडच्या रांगांवरच रिकामे होतात, पलीकडे फारसं काही पोचत नाही, त्यामुळे डोंगरावर ना गवत ना झुडूप, आत जो दगड आहे तो थेट डोळ्यासमोर.

हे सगळ्यात भारी कुठे दिसतं तर पिन खोऱ्यात. अट्टरगोचा पूल ओलांडून मेन रोड सोडायचा आणि पिन नदीच्या काठाने आत जायचं, सगनम गाव मागे पडतं, आणि रस्ता जिथे संपतो तिथे मुध गाव. समोरच्या उतारावर जांभळा पट्टा, त्याला लागून शेवाळी हिरवा, मग गंजासारखा तांबडा, आणि ऊन कललं की हेच रंग इतके गडद होतात की मी चहा हातात धरून नुसती बघत बसले, चहा गार झाला. हा सगळा एकेकाळचा समुद्राचा तळ आहे. भारताचा भूखंड आशियाला जाऊन भिडला तेव्हा टेथिस समुद्राचा गाळ थरच्या थर वर उचलला गेला, आणि ज्या थरात लोह जास्त तिथे तांबूस जांभळ्या छटा आल्या. गावातली घरंही याच मातीची, वर सपाट धाबं, धाब्याच्या कडेला हिवाळ्यासाठी रचलेली लाकडं आणि चारा, पांढऱ्या भिंती, खिडक्यांना गडद पट्टे. शेतात जव आणि मटार, तेही वरच्या बर्फाचं पाणी पाटाने आणलंय म्हणून. होमस्टेच्या काकूंबरोबर ओट्यावर बसून शेंगा सोलल्या, निम्मे दाणे तोंडातच गेले, इतका गोड कच्चा मटार मी तरी खाल्ला नव्हता.

काझाजवळच्या लांग्झा गावाला गेलात तर काळ्या दगडाचे गोटे दिसतील, फुटलेल्या गोट्याच्या आत गोल गोल चक्रासारखा शंख, म्हणजे अ‍ॅमोनाइट. आपल्याकडे देवघरात शाळिग्राम असतो त्यातलं चक्र म्हणजे बऱ्याचदा हाच जीव, करोडो वर्षांपूर्वी समुद्रात राहणारा. हातात घेऊन बघा, बोटाने त्या रेघा चाचपून बघा आणि तिथेच ठेवा. विकत पण घेऊ नका प्लीज, प्रत्येकाने एकेक नेला तर त्या डोंगरावर राहील काय?

आणि ताबो! बाहेरून बघाल तर बसकी मातीची घुमटीवजा बांधकामं, कोणी न सांगता पुढे निघून जाईल अशी. पण हा बौद्ध मठ सन 996 चा आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही सहाशे वर्षं आधीचा, आणि तिथे आजही पूजा चालू आहे. मुख्य मंदिरात जवळजवळ काळोख असतो. डोळे सरावले की भिंतींवर माणसाच्या उंचीच्या मातीच्या मूर्ती दिसायला लागतात, अशा 32 मूर्ती भिंतींवर आणि मधे चार दिशांना तोंड असलेला वैरोचन बुद्ध. निळा, शेंदरी, हिरवा रंग अजून टिकून आहे. आत फोटो काढू देत नाहीत ते फार बरंय, लोक निदान नीट बघतात तरी.

माती एवढी टिकली कारण तिथे पाऊस नव्हता. आता अवेळी जोरात पाऊस आला की धाबी गळतात, भिंतींवरून ओघळ येतात आणि चित्रांवर डाग पडतात. धनकरचा जुना मठ तर पिन आणि स्पितीच्या संगमावर एका झिजत चाललेल्या सुळक्याच्या टोकावर उभा आहे, 2006 मध्ये जगातल्या धोक्यातल्या 100 वास्तूंच्या यादीत त्याचं नाव होतं. म्हणून मी म्हणते की काझाच्या हॉटेलात सगळे मुक्काम करण्यापेक्षा धनकर, ताबो, मुध इथल्या मातीच्या घरांत राहा. पाहुणे मातीच्या घरात राहायला आले तर ती घरं राखायला परवडतं, नाहीतर सिमेंट आहेच, आणि ते तिथल्या थंडीत मातीइतकी ऊब धरत नाही.

येताना मात्र बिनधास्त कुंझुमवरून मनालीला उतरा, तोवर उंचीची सवय झालेली असते. पास साधारण जून ते ऑक्टोबर उघडा असतो, तरी निघायच्या आधी काझाला विचारून घ्या. मटार खायचा असेल तर ऑगस्ट गाठा.