जिन्यात पडलेलं पोस्टकार्ड

समजा कामावरून घरी आलात आणि जिन्यात एक पोस्टकार्ड पडलेलं दिसलं. उचलून बघता तर मोठ्या मोठ्या अक्षरांत, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, हिटलरच्या विरोधात काहीतरी खरडलेलं. साल १९४१, शहर बर्लिन. काय कराल?

खरी गोष्ट आहे ही. ओटो आणि एलिझे हाम्पेल हे साधे कामकरी नवराबायको. १९४० मध्ये एलिझेचा भाऊ लढाईत मारला गेला आणि तेव्हापासून हे दोघं घरी बसून अशी कार्डं लिहायला लागले, मग कुठल्यातरी बिल्डिंगच्या जिन्यात नाहीतर टपालाच्या पेटीत गुपचूप टाकून यायचे, असं करत करत दोनशेच्या वर कार्डं झाली. १९४२ ला पकडले गेले, ८ एप्रिल १९४३ ला दोघांनाही देहदंड. पण माझ्या डोक्यातून जात नाही ते वेगळंच. त्यातली बहुतेक कार्डं ज्यांना सापडली त्यांनी लगेच पोलिसांना नेऊन दिली. कुणी घरोघर झडती घेत फिरत नव्हतं, लोक आपले आपण गेले.

आता हे सगळे काय कट्टर नाझी होते? मला नाही वाटत. डोक्यात काय चाललं असेल ते ओळखू येतं हो. हे मुद्दाम तर नसेल ना ठेवलं, मला उचलताना वरच्या मजल्यावरच्या बाईने बघितलं असेल तर, आणि उद्या विचारलं तर काय सांगणार. नेऊन दिलं की सुटलो. प्रत्येकाला वाटतंय आपण एकटेच, बाकी सगळे हिटलरच्या बाजूने. आणि प्रत्येकजण असं वागला की खरंच तसं दिसायला लागतं!

बरं, भीती ही नंतरची पायरी. त्याआधी घाई असते. हिटलर चॅन्सेलर झाला ३० जानेवारी १९३३ ला, आणि २३ मार्चला संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी त्याला कायदे करायचा अधिकार देऊन टाकला. बावन्न दिवस. (कम्युनिस्ट खासदारांना तोवर मतदानापुरतंही शिल्लक ठेवलं नव्हतं.) त्या काही आठवड्यांत पक्षात शिरायला अशी झुंबड उडाली की जानेवारीत साडेआठ लाखांच्या आसपास असलेले मेंबर मेपर्यंत पंचवीस लाखांच्या घरात गेले, शेवटी पक्षालाच भरती बंद करावी लागली. जुने कार्यकर्ते या नवीन मंडळींना चिडवायचे, 'मार्चचे हुतात्मे' म्हणून. कारकून, मास्तर, सरकारी नोकर. नोकरी टिकावी, प्रमोशन मिळावं, बस. यांना राक्षस म्हणून मोकळं होता येत नाही, कारण असे लोक आपण रोज बघतो, कधीकधी आरशातसुद्धा.

माझंच सांगतो. ऑफिसच्या ग्रुपवर एकाने एका बड्या नेत्याचं कौतुक करताना असं काहीतरी टाकलं की विरोधकांना सरळ आत टाकायला पाहिजे, कोर्टबिर्ट कशाला. मी चार ओळी टाईप केल्या, परत वाचल्या, डिलीट केल्या. मला कोण जेलमध्ये टाकणार होतं? कुणीही नाही. अप्रेझल जवळ आलं होतं एवढंच. तेवढ्यात खाली पाच अंगठे पडले. त्यातला एक अंगठा असा माणूस होता जो चहाच्या वेळी माझ्याशी बरोब्बर उलटं बोलतो.

म्हणून मला पोलंडमधल्या श्विदनिक गावाची गोष्ट भारी आवडते. डिसेंबर १९८१ मध्ये तिथे मार्शल लॉ लागला. टीव्हीवर संध्याकाळी साडेसातच्या बातम्यांत नुसता सरकारी प्रचार. तर फेब्रुवारी १९८२ मध्ये गावातले लोक बरोबर त्याच वेळी घराबाहेर पडून फिरायला लागले. घोषणा नाही, बॅनर नाही, बायकापोरं घेऊन नुसतं फिरायचं, काहींनी तर टीव्ही खिडकीत ठेवला, स्क्रीन रस्त्याकडे करून. आता फिरायला जाणं हा गुन्हा कसा ठरवणार? सरकारने संचारबंदी अलीकडे ओढून सातला आणली. लोक पाचच्या बातम्यांना फिरायला लागले :) त्यातून सत्ता काही पडली नाही. पण समोरचा काका पण बाहेर आलाय हे दिसलं, आणि जिन्यात कार्ड सापडलेल्याला नेमकं हेच कधी दिसलं नव्हतं.

चिलीमध्ये तर आपल्यासारखे किती जण आहेत याची अंधारात मोजणी झाली. ११ मे १९८३, तांब्याच्या खाणीतल्या कामगारांना संप करायचा होता, खाणींभोवती सैन्य येऊन बसलं. मग ठरलं की गाड्या हळू चालवा, पोरांना शाळेत पाठवू नका आणि रात्री आठला दिवे घालवून घरातली भांडी बडवा. लष्करी हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीला दहावं वर्ष चालू होतं. तुम्ही अंधारात एकटेच पातेलं वाजवताय, लाज पण वाटतेय, आणि पलीकडून टणटण ऐकू येते, मग त्याच्या पलीकडून.

पुढे पिनोशेच सत्तेवर राहावा का, या ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात तो हरला, साधारण ५६ टक्के 'नाही'. हा आकडा सगळे आनंदाने सांगतात. उरलेले ४४ टक्के कुणी सांगत नाही. माणसं गायब झाली, छळ झाले, तरी १५ वर्षांनंतरही शंभरातल्या चव्वेचाळीस जणांना तोच हवा होता, आणि तेही कुणाचे तरी शेजारी, मामा, डॉक्टर असणारच. 'जनता' म्हणून एक काहीतरी असतं आणि ती एके दिवशी जागी होते वगैरे ऐकलं की मला हे आठवतं.

मधूनमधून मी त्या थोड्या कार्डांचा विचार करतो जी पोलिसांकडे कधी पोचलीच नाहीत. कुणी चुलीत घातली असतील, कुणी खिशात. एखाद्याने वाचून होती तिथेच परत ठेवली असेल, पुढच्याने वाचावी म्हणून. मी? मी फाडून टाकलं असतं. नेऊन दिलं नसतं. बहुतेक.