हरवलेला डग्गा

गाडीत अभंग लावला की गाणाऱ्याचा आवाज आणि टाळ स्वच्छ ऐकू यायचे, डग्गा मात्र यायचाच नाही. बाबांनी आयुष्यभर तबला वाजवला आहे. शेजारच्या सीटवर बसले की विचारायचे, "अरे, याचा डावा हात कुठे गेला?" ते ऐकून मला खरंच वाईट वाटायचं.

मी थेट सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा मोठा स्पीकर, बसवायला निघालो होतो. पुण्यातला फिटर म्हणाला, "साहेब, आधी दार बघू." पॅनल काढलं तर कंपनीच्या स्पीकरला पातळ कागदी कोन (पुढेमागे हलून आवाज काढणारा शंकूसारखा पडदा) आणि मागे छोटंसं मॅग्नेट. आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं, त्यांवर नुसता प्लास्टिकचा कागद. कोन पुढे येतो तेव्हा त्याच्या मागचा दाब उलटा असतो. मागची हवा भोकांतून पुढे आली की खर्ज तिथल्या तिथे जिरतो. म्हणून पहिला खर्च पत्र्याची थरथर शोषणाऱ्या डॅम्पिंग शीटवर केला: बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवली, मग भोकं बंद केली. दाराच्या तळाची पाणी जाण्याची छिद्रं मात्र मोकळीच ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात दार आतून गंजतं.

मग ६.५ इंची कॉम्पोनंट स्पीकर घेतले, म्हणजे बारीक, वरच्या सुरांसाठी ज्यांत वेगळा छोटा स्पीकर असतो ते. खोक्यावरचा ३०० वॅटचा आकडा कमाल ताकदीचा. बघायचं ते आरएमएस, म्हणजे सतत पेलता येणारी ताकद, आणि त्याहून जास्त सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटवर किती मोठा आवाज निघतो ते. कंपनीचा स्टिरिओ प्रत्येक स्पीकरला जेमतेम १५-२० वॅट देतो. तेवढ्यावर मोकळेपणी वाजणारे, ९० डेसिबलच्या वरचे स्पीकर मी निवडले. वायर न कापता कपलर, म्हणजे तयार प्लग, लावून जोडले.

घरी येताना ऐकलं तर टाळ झळाळत होते आणि खर्ज आधीपेक्षाही कमी! त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला, तर डग्गा हजर. पूर्ण उजवीकडे नेला, तरी हजर. मध्ये आणला की गायब. म्हणजे एका दारात प्लस-मायनस उलटे होते; एक कोन पुढे जाताना दुसरा मागे जात होता. १.५ व्होल्टचा सेल दोन्हीकडच्या वायरींना क्षणभर टेकवून पाहिला. डावा कोन बाहेर आला, उजवा आत गेला. उजव्या दाराच्या कपलरमधल्या दोन पिनांची अदलाबदल केली आणि गाडी भरून गेली. दार बंद करण्याआधी ही तपासणी प्रत्येकाने करावी, दोन मिनिटांचं काम आहे.

एवढं झाल्यावर डिकी अडवणारं मोठं खोकं नकोसंच वाटलं. सीटखाली ८ इंची सबवूफर बसवला, त्याचा ॲम्प्लिफायर आतच असतो. बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणली, फ्यूज बॅटरीजवळच लावला. ॲक्सिलरेटर दाबला की बारीक शिट्टी वाजायची. सबवूफरचं अर्थिंग पत्र्याच्या रंगावरच घट्ट केलं होतं. पत्रा खरवडून पुन्हा लावल्यावर ती थांबली. लो-पास, म्हणजे फक्त खालचे सूर सबवूफरकडे जाऊ देणारी गाळणी, ८० हर्ट्झवर ठेवला, स्टिरिओचा बास शून्यावर आणला.

रविवारी बाबांना घेऊन लोणावळ्याच्या रस्त्याला लागलो. डग्ग्यावर मनगटाने दाबून घेतलेला घिस्सा आला तसे ते ताठ बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आला डावा हात. पण जरा जास्तच बोलतोय, थोडा उतरव."

मी सबवूफरचं बटण थोडं मागे फिरवलं.